'दिव्याकडे बघा' म्हणताना

प्रिय डॉक्टर,

परवा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तुझ्या मागे उभा राहून तुझा फेको, म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन, बघितला. हात चांगला बसलाय, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण लेन्स बसल्यावर पुढच्या केसच्या लेन्सच्या पॉवरवरून तू सिस्टरांशी बोलत राहिलास आणि तेवढा वेळ मायक्रोस्कोपचा दिवा पूर्ण तेजात आजींच्या डोळ्यावर होता. 'दिव्याकडे बघा' असं तूच त्यांना सांगितलं होतंस. 'आता नका बघू' असं कुणी सांगितलंच नाही, म्हणून बिचाऱ्या बघत राहिल्या.

थेंबांच्या भुलीत डोळा हलता असतो. पेशंट दिव्याकडे बघतो म्हणजे स्वतःच आपला मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) बारीक दिसायला लागणारा मधला भाग, दिव्यासमोर धरतो. मोतीबिंदू काढल्यावर, लेन्स घालेपर्यंत प्रकाश पडद्यावर पसरट पडतो. लेन्स बसली की तोच प्रकाश एकवटतो. म्हणजे आपल्याला 'झालं एकदाचं' वाटतं, नेमकी तीच वेळ जास्त जोखमीची.

हे भाजणं नव्हे. हल्लीच्या मायक्रोस्कोपमध्ये उष्णतेचे किरण बरेचसे गाळलेले असतात, हात धरलास तर चटका बसणार नाही. निळ्या बाजूच्या प्रकाशाने पडद्याच्या पेशींत रासायनिक बिघाड होतो आणि तो साठत जातो. तेज निम्मं केलं आणि वेळ दुप्पट लावला तर हिशेब साधारण तिथेच. नोएल यांनी 1966 साली उंदरांवर दाखवलं होतं की न भाजणाऱ्या प्रकाशानेही पडदा खराब होतो. माणसांत मायक्रोस्कोपच्या दिव्याने झालेली इजा मॅकडोनाल्ड आणि अर्व्हाइन यांनी 1983 मध्ये नोंदवली. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

तरी माझ्या हातून झालं. निवृत्त गुरुजी होते, मधुमेह होता. लेन्सच्या पिशवीची मागची बाजू (कॅप्सूल) फाटली, मागचं जेलीसारखं व्हिट्रियस पुढे आलं, सगळं निस्तरून लेन्स बसवून टाके घालेपर्यंत सव्वा तास गेला. दिव्याच्या बटणाला मी एकदाही हात लावला नाही. गुरुजी चार्ट बऱ्यापैकी वाचायचे, पण म्हणायचे, "वाचतोय त्या ओळीच्या वर एक डाग बसतो, मात्रा आणि वेलांट्या खातो." मी म्हणालो, टाके आहेत, जाईल. तीन आठवड्यांनी बाहुली मोठी करून बघितलं, तर फोव्हियाच्या, म्हणजे मॅक्युलाच्या अगदी मध्यबिंदूच्या, जरा खाली लांबट गोल डाग, कडा रेखल्यासारख्या, आत रंगकणांचे ठिपके. पडदा खाली दुखावला की डाग वर दिसतो, हे आपण पहिल्या वर्षाला घोकतो आणि पेशंट बरोब्बर तेच सांगत असताना त्याला टाक्यांचं कारण देतो. फोव्हिया वाचला म्हणून नजर राहिली. डाग मात्र गेला नाही.

रेक्सिसला, म्हणजे लेन्सच्या पिशवीला पुढून गोल भोक पाडताना, रेड रिफ्लेक्स (पडद्यावरून परत येणारी लाल चमक) लागतोच, तिथे दिवा कमी करून धडपडू नकोस. हात अडखळला तर वेळ वाढतो आणि मग सगळंच उलटं. पण त्याआधी आणि त्यानंतर तेज उतरव. टाके घालताना मायक्रोस्कोप थोडा तिरका कर किंवा बुबुळावर झाकणी ठेव, ओल्या स्पंजचा तुकडासुद्धा चालतो. निळा फिल्टर असेल तर लाव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. केस लांबली की घड्याळाकडे बघ. पुढे व्हिट्रेक्टमी (व्हिट्रियस काढायचं ऑपरेशन) शिकशील तेव्हा डोळ्याच्या आत घालायच्या दिव्याचं, लाइट पाइपचं, टोक मॅक्युलाजवळ रेंगाळू देऊ नकोस, जवळ गेल्यावर तेज झपाट्याने वाढतं. त्यावर वेगळं बोलू.

आणि पेशंटला 'दिव्याकडे बघा' म्हटलंस की ते काम होताच 'आता पायाकडे बघा' असंही सांगत जा. मी गेली कित्येक वर्षं सांगतो. काही जण मान उचलून खरोखरच पायाकडे बघायला लागतात, म्हणून आधी डोक्यावर हात ठेव.

त्या आजी सोमवारी तपासायला येतील. नुसता चार्ट वाचून घेऊ नकोस, पेपर हातात दे आणि ओळीच्या वर काही दिसतं का ते विचार.

तुझा,
सर