दहापैकी आठ सह्यांवर रो हाउसचा मजला चढत नाही

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय. १९८४ सालची दहा रो हाउसची एक ओळ, त्यातलं मधलं घर यांनी २०१६ ला रीसेलमध्ये घेतलं. आता दुसरं बाळ झालंय, आईवडील गावाहून कायमचे राहायला येतायत, दोन बेडरूम पुरत नाहीत. मोझॅकची फरशी, सिमेंटच्या जाळ्या, सागवानी खिडक्या सगळं तसंच ठेवून वर एक मजला चढवायचा आणि खाली हॉल आणि किचनमधली भिंत काढायची असा बेत आहे. स्वतःचं धरून दहापैकी आठ घरांचा व्हॉट्सॲपवर होकार आहे, लगतच्या घरातले काका नाही म्हणतात आणि एक मालक अमेरिकेत असतात. काँट्रॅक्टरने गच्चीचा कठडा पाडून सळया उभ्या केल्यावर महापालिकेची नोटीस आली, पाठोपाठ काकांच्या वकिलांचीही. यांचं म्हणणं, बहुमत आमच्याकडे आहे, सोसायटीने एनओसी द्यायलाच पाहिजे ना?

असाच प्रश्न पुण्यातून, नाशिकमधून सारखा येतो, घर नंबर तेवढा बदलतो. परवानगीशिवाय मजला चढवता येत नाही हे तुम्हालाही माहिती आहे, त्यात वेळ घालवत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या पहिल्याच पानावर 'डीड ऑफ अपार्टमेंट' लिहिलंय. म्हणजे तुमची सोसायटी नाहीच आहे. तुमचं घर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खाली येतं आणि तिथे बहुमताचा हिशोब तुमच्या कामाचा नाही. कलम ७ सांगतं की इमारतीच्या मजबुतीला किंवा किमतीला धक्का लागेल असं काम करायचं असेल, किंवा मोठं वाढीव बांधकाम करायचं असेल, तर बाकीच्या सगळ्या मालकांची एकमताने संमती लागते, आणि ती काम सुरू करायच्या आधी घ्यावी लागते. नऊच्या नऊ. एक जरी नाही म्हणाला तरी कलम आडवं येतं, आणि 'ओके' आणि अंगठ्याचं चिन्ह याला कोणतंही ऑफिस संमतीपत्र म्हणून घेणार नाही.

आता त्याहून महत्त्वाचं. याच कायद्यात सामाईक जागांची व्याख्या आहे, त्यात जमीन, पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती आणि छत हे सगळं येतं, घोषणापत्रात वेगळं काही लिहिलं नसेल तर. घोषणापत्र म्हणजे बिल्डरने त्या वेळी नोंदवलेलं डीड ऑफ डिक्लरेशन. तुम्ही ज्याला 'आमची गच्ची' म्हणताय ती तुमची एकट्याची आहे की दहा जणांची, हे फक्त तो कागद सांगेल, आणि तो तुम्ही २०१६ पासून एकदाही बघितलेला नाही. लाखो रुपयांचं घर घेताना मूळ कागद मागवायचा नाही आणि सळया उभ्या राहिल्यावर वकील शोधायचा, याचा मला खरंच त्रास होतो, कारण यात बाळ आहे, म्हातारे आईवडील आहेत, आणि डोक्यावर उघडी गच्ची आहे. तुमच्या डीडमध्ये घोषणापत्राचा नोंदणी क्रमांक असेल, तो घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातून सर्टिफाइड कॉपी काढा. गच्ची, शिल्लक एफएसआय (म्हणजे त्या जागेवर अजून किती बांधकाम बसतं) आणि सामाईक जागांमधला प्रत्येक घराचा अविभक्त हिस्सा, हे तीन मजकूर आधी वाचा.

कुणीतरी सांगेल की सरळ सोसायटी करून टाका. तो रस्ताही सोपा नाही, कारण मालमत्ता या कायद्यातून बाहेर काढायलाही कलम १५ खाली सगळ्याच मालकांची तयारी लागते.

महापालिकेच्या नोटिशीचं बघू. ती बहुधा एमआरटीपीच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या, कलम ५३ खालची असणार. तिच्या मुदतीत, कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवायला परवानगी मागणारा अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत ती नोटीस अमलात येत नाही. पण संमतीच नसताना तो अर्ज टिकेल असं मला वाटत नाही. माझा सल्ला, सळया कापा, कठडा होता तसा बांधा, फोटो काढून मुदतीच्या आत लेखी कळवा आणि पोच घ्या. दिवाणी कोर्टातून नोटिशीवर स्टे आणू असं कुणी म्हणालं तर कलम १४९ मुळे ते दार सहसा बंद असतं. उलट काकांनी दावा लावला तर मनाई हुकूम त्यांना लवकर मिळू शकतो, आणि मूळ दावा कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहतो, तोपर्यंत तुम्ही गळक्या घरात.

आतल्या कामाचं वेगळं आहे. फरशी पॉलिश, खिडक्यांची दुरुस्ती, वायरिंग, बाथरूम, ओटा हे करा, घराच्या आतल्या आणि बाहेरून फरक न दिसणाऱ्या कामांना एमआरटीपीच्या कलम ४३ मध्ये बरीच सूट आहे. ती हॉल-किचनमधली भिंत मात्र हात लावू नका. त्या काळातली बरीच रो हाउस लोडबेअरिंग आहेत, म्हणजे घराचा भार भिंतींवरच असतो, भिंत नऊ इंची असेल तर ती मुख्य भिंत निघू शकते आणि मग परत कलम ७. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट आल्याशिवाय एक वीटसुद्धा काढू नका.

आणि तोच रिपोर्ट घेऊन काकांकडे जा, वकिलाला न घेता. त्यांच्या तुमच्यामधली भिंत सामाईक आहे, त्यांना तडा जाईल याची भीती असेल तर ती रास्त आहे. नुकसानभरपाईची लेखी हमी द्या, वर बांधायचा हक्क त्यांनाही राहील असं घोषणापत्राच्या दुरुस्तीत घालायची तयारी दाखवा. अमेरिकेतल्या मालकांनी संमतीपत्र तिथे नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर मिळणारा तिथला सरकारी दाखला) करून पाठवावं, कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा असतो, ते विसरू नका.

महापालिकेची नोटीस तुमच्या हातात कोणत्या तारखेला पडली हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ते पाकीट शोधा आणि तारीख आजच कळवा.