ग्रेट डेन जातीचा कुत्रा आठ-नऊ वर्षंच जगतो म्हणतात, तरी पाळावा का? ज्यांच्याकडे होता त्यांना काय आठवतं?

आमच्याकडे होता. आपण किती मोठे आहोत याचा बंडूला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. साठ किलोच्या वरचं धूड, पण कुकरची शिट्टी झाली की आईच्या मागे लपायचा. आई जेमतेम पाच फूट. मिरजेत त्याला फिरवायला काढलं की पोरं हमखास विचारायची, "काका, कुत्रं हाय का वासरू?"

सोफ्यावर तो ढुंगण टेकून बसायचा आणि पुढचे पाय खाली फरशीवर. बरेच डेन असेच बसतात हे नंतर कळलं. तोवर आम्हाला वाटायचं, ही अक्कल फक्त आमच्याच बंडूला. कुणी उभं दिसलं की शेजारी येऊन अंग रेलून द्यायचा, मग पाहुण्याने भिंत शोधायची. आनंदाने हलवलेली शेपटी भिंतीवर आपटून टोक फुटायचं आणि रक्ताचे शिंतोडे पार वरपर्यंत उडायचे. पट्टी बांधली की ती खाऊन टाकायचा.

आईचा नियम होता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत कुत्रा नको. त्याने तो तंतोतंत पाळला: चारी पाय बाहेर, मान आत. खोली चिंचोळी, त्यामुळे नाक थेट ओट्यावर. पोळ्यांचा डबा वरच्या फळीवर गेला तो अजून तिथेच आहे. पण स्वतः अंड्याला न शिवणारी हीच बाई पुढे त्याच्यासाठी वेगळ्या पातेल्यात अंडी उकडायला लागली. वर म्हणायची, "त्याला काय कळतंय आपलं शाकाहारी?"

आयुष्याचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, साधारण ७ ते १० वर्षं. मोठ्या जाती म्हाताऱ्याही लवकर होतात. जन्मतः किलोभरही नसलेलं पिल्लू वर्षभरात ५० किलोच्या आसपास जातं. म्हणून पिल्लाला 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून वरून कॅल्शियम देऊ नका. मोठ्या जातींत त्याने हाडं बिघडतात.

खरी भीती पोटाला पीळ पडण्याची. पोट टम्म फुगतं, उमासे येतात पण उलटी पडत नाही. असं दिसलं की सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टर गाठायचा, नाहीतर काही तासांत खेळ संपतो. नसबंदीच्या वेळीच जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवून घेता येतं. आम्ही घेतलं होतं. खाण्याचं भांडं स्टुलावर ठेवा असं बरेच जण सांगतील, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यांनी हा धोका उलट वाढलेला दिसला.

सहाव्या वर्षी तोंड पांढरं झालं, आठव्यात मागचे पाय गेले. घरभर सतरंज्या अंथरल्या, कारण गुळगुळीत फरशीवर एकदा बसला की त्याला उठता येईना. अंगणात न्यायचं तर सतरंजीत घालून चौघांनी उचलायचं. आमच्या घरात माणसं तीनच. चौथे यायचे समोरचे काका, जे आधी बंडूला पाहून रस्ता ओलांडायचे. शेवटी डॉक्टरांना घरीच बोलावलं, त्याच्या गादीवरच इंजेक्शन दिलं. गावी शेतात पुरला. एवढा खड्डा फावड्याने होईना, जेसीबी सांगावा लागला. जेसीबीवाल्याने पैसे घेतले नाहीत.

मग पाळावा का? तळमजल्याला राहत असाल आणि रात्री-अपरात्री हाकेला येईल असा चौथा माणूस जवळपास असेल, तर बिनधास्त आणा. पिल्लाच्या आईबापांच्या हृदयाची तपासणी झालीय का ते आधी विचारा, या जातीत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार बराच दिसतो. आणि पडदे वर गाठ मारून ठेवायची सवय लावून घ्या. मान झटकली की लाळ कुठवर जाते, ते तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल.