अकरावीतल्या भाचीस, पुढच्या वर्षीच्या एपी विषयांबद्दल

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली विषयांची यादी मिळाली. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, इंग्लिश लिटरेचर, गव्हर्नमेंट आणि सायकॉलॉजी असे सहा एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत ‘स्पॅनिश सोडते आहे’. तुझ्या शाळेच्या आठ तासांपैकी एक जेवणाच्या सुट्टीत जातो आणि एक शारीरिक शिक्षणात, जे न्यू जर्सीत बारावीलाही चुकत नाही. म्हणजे उरलेला प्रत्येक तास तू एपीने भरला आहेस. तुला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जायचे आहे हे मला ठाऊक आहे. पण ते ठाऊक नसते, तर या यादीवरून मला ओळखता आले नसते, आणि माझा पहिला आक्षेप तोच आहे.

ताई फोनवर म्हणाली की मे महिन्यातल्या परीक्षांत सगळीकडे पाचपैकी पाच गुण मिळाले की काम झाले. तिचे असे वाटणे मी समजू शकते, कारण आम्हा दोघींच्या मनात बारावी म्हणजे बोर्डाची परीक्षा. वर्षभर काय केले ते बाजूला राहते आणि शेवटची गुणपत्रिका तेवढी प्रवेश ठरवते. इथले वेळापत्रक नेमके उलटे चालते. लवकरचे अर्ज साधारण 1 नोव्हेंबरला जातात आणि नेहमीचे जानेवारीच्या सुरुवातीला. कुठे जायचे हे बहुतेक विद्यार्थी 1 मेपर्यंत कळवून मोकळे होतात, त्यानंतर एपीच्या परीक्षा होतात आणि त्यांचे गुण जुलैत हाती येतात. त्यामुळे बारावीत दिलेल्या एपी परीक्षांचे गुण प्रवेशाच्या निर्णयापर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतात त्या दोनच गोष्टी: शरद ऋतूत अर्जावर लिहिलेली विषयांची यादी, आणि पहिले सत्र संपल्यावर समुपदेशक पाठवतात त्या मध्यवर्षीय अहवालातल्या श्रेणी. यादी पाहून तुझ्याबद्दल जे मत होईल, तेच मत त्या श्रेणी पाहूनही टिकले पाहिजे. निवड करताना ही एक कसोटी पुरे आहे.

सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने तुझ्या डोळ्यांसमोर आण. त्या काळात अर्जांचे निबंध लिहायचे असतात, शिफारसपत्रांसाठी शिक्षकांच्या मागे लागायचे असते आणि रोबोटिक्सचा व्याप असतोच. आता फिजिक्स सी घे. तो विषय कॅल्क्युलसवर उभा आहे आणि तू दोन्ही एकाच वर्षी सुरू करणार आहेस. कॅल्क्युलसच्या वर्गात आम्ही शिक्षक लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह यांतून बाहेर पडलेलो नसतो, तोवर फिजिक्सच्या फळ्यावर बदलत्या बलाने केलेले कार्य काढण्यासाठी इंटिग्रल येऊन बसलेले असते. पुढे रोटेशन येते. दांड्याचे मोमेंट ऑफ इनर्शिया काढताना दांड्याचा एक बारीक तुकडा कल्पायचा, त्याचे वस्तुमान लांबीच्या प्रमाणात लिहायचे, अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने त्याला गुणायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बेरीज घ्यायची. हे गणित अवघड मुळीच नाही. पण इंटिग्रेशन पहिल्यांदा तिथेच भेटले तर विद्यार्थी भौतिकशास्त्र सोडून चिन्हांशीच झुंजत बसतो. म्हणून फिजिक्स सी जरूर घे, परंतु जुलै-ऑगस्टमध्ये बहुपदींचे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रल हाताखालून घालून ये. एवढी तयारी असली तर हा विषय तुला वर्षभर आनंद देईल. इंजिनिअर होणार की नाही, याची खरी चाचणीही तिथेच होईल.

कॅल्क्युलस एबी की बीसी, हा तुझा प्रश्न मला फारसा कठीण वाटत नाही. एबीतले सगळे बीसीत असते. वर इन्फिनिट सीरिज, पोलर व पॅरामेट्रिक वक्र आणि इंटिग्रेशनच्या आणखी काही पद्धती येतात. प्रीकॅल्क्युलसमध्ये तुला ए मिळत असेल आणि तो घोकून मिळवलेला नसेल, तर बीसी घे. शिवाय बीसीच्या निकालात एबीच्या भागाचा उपगुण वेगळा दाखवतात, त्यामुळे सीरिजमध्ये अडखळलीस तरी बाकीची मेहनत वाया गेली असे होत नाही.

केमिस्ट्री मात्र मी काढून टाकेन. फिजिक्स सी आणि केमिस्ट्री दोन्ही प्रयोगशाळेचे विषय. आठवड्याच्या त्याच दोन-तीन संध्याकाळी दोघांचेही अहवाल लिहावे लागतात. एपीमुळे कॉलेजचे क्रेडिट (म्हणजे तो विषय तिथे शिकल्याची नोंद) मिळून फीचे पैसे वाचतात, हा भाऊजींचा मुद्दा अर्धा खरा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तीन गुणांनाही क्रेडिट देते. उलट एमआयटी बीसीतल्या पाच गुणांवर पहिल्या कॅल्क्युलसचे क्रेडिट देते, पण एपी केमिस्ट्रीवर काहीच देत नाही, आणि कॅलटेक तर कोणत्याच एपीला देत नाही. ज्या कॉलेजात जायचे हे अजून ठरलेले नाही, तिथली फी वाचवण्यासाठी विषय घेणे मला पटत नाही.

सायकॉलॉजी हा चांगला विषय आहे, पण तुझ्या यादीत तो संख्या वाढवायला आला आहे, हे तुलाही कळते. इथल्या आपल्या गणेशोत्सवात पोरांपेक्षा पालकच एपींची बेरीज जास्त करतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. त्या जागी स्पॅनिशचे चौथे वर्ष ठेव. तीन वर्षे शिकलेली भाषा ऐन बारावीत सोडलेली दिसली की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर द्यायला अर्जात जागा नसते. इंग्लिश लिटरेचर आणि गव्हर्नमेंट राहू दे. इंग्लिशमध्ये हलका पर्याय शोधणारे भावी इंजिनिअर मी वर्गात पुष्कळ पाहते आणि त्यांचे निबंधही मग तसेच उतरतात.

यावर तू विचारशील की चार एपी कमी दिसणार नाहीत का. समुपदेशकांच्या अहवालात एक रकाना असतो: शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या तुलनेत या विद्यार्थ्याची निवड किती कठीण आहे. म्हणजे तुलना तुझ्याच शाळेतल्या विषयांशी होते, शेजारच्या गावातल्या शाळेशी नाही. फिजिक्स सी, बीसी, इंग्लिश आणि गव्हर्नमेंट घेतल्यावर त्या रकान्यात तुमच्याकडे काय लिहिले जाते, हे समुपदेशकांना सरळ विचार, ते सांगतात. चारांनी वरची पायरी थोडक्यात हुकत असेल, तर केमिस्ट्रीचा विचार आपण पुन्हा करू, पण मग रोबोटिक्समधले एक पद सोडावे लागेल, हे आधीच मान्य कर.

विषयनोंदणीचा अर्ज भरण्यापूर्वी आणखी दोन कामे कर. फिजिक्सच्या सरांना भेटून पहिल्या चाचणीत ते काय गृहीत धरतात ते विचार, आणि मागच्या वर्षीची एखादी चाचणी दाखवली तर बघून घे. समुपदेशकांकडून एक तारीखही लिहून आण: विषय सोडला तर कोणत्या दिवसापर्यंत त्याची नोंद ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, उमटत नाही. आणि अर्ज पाठवल्यानंतर एखादा विषय बदललास, तर ते कॉलेजांना आपणहून कळवावे लागते. सुधारलेली यादी रविवारपर्यंत पाठव. ताईशी मी बोलते.

तुझी,
मावशी