व्हिक्टोरिया की व्हिक्टरी?

प्रश्न : आमच्या परळच्या खोलीत पणजोबांचा एक मोठा फ्रेम केलेला फोटो आहे, युनिफॉर्ममध्ये, छातीवर तीन पदकं, पहिलं स्टारसारखं आणि दोन गोल, तिन्हींच्या रिबिनी लालभडक. घरात लहानपणापासून ऐकतोय की त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. आजी म्हणायची ते "बसऱ्याला" गेले होते. खरंच असेल का हो?

उत्तर : तुमचा हिरमोड करायला जिवावर येतंय पण नाही, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, नाहीये ते. हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच आणि दरवेळी घोटाळा नावाचाच असतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हिक्टरी मेडल नावाचं गोल पदक दिलं गेलं, साधारण ५७ लाख वाटली, आणि घरोघरी "व्हिक्टरी"चं "व्हिक्टोरिया" झालं, दोन पिढ्यांनी त्याला "क्रॉस" जोडला की झालं काम. खरा व्हिक्टोरिया क्रॉस हा नावाप्रमाणे क्रॉसच असतो, आणि तो असता तर रांगेत सगळ्यात पहिला, म्हणजे आपण फोटो बघतो तेव्हा आपल्या डावीकडे असता. तुमच्याकडे तिथे स्टार आहे.

आता त्या लाल रिबिनी. फोटो मोठा करून रंगवलेला आहे ना? मग तो लाल रंग स्टुडिओतल्या पेंटरचा. त्याच्यासमोर काळा-पांढरा प्रिंट, रिबीन दिसतेय काळपट, त्याने लाल मारून टाकला, त्याचीही चूक नाही म्हणा, कारण त्या काळच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा आणि निळा उलट फिकट, जवळजवळ पांढरा. म्हणून जुन्या फोटोत रिबिनीचा रंग ओळखायला जाऊ नका, पट्टे कुठे गडद होतात कुठे फिकट ते बघा. फ्रेम उघडून, भिंग घेऊन, जिथे रंगाचे पोपडे उडालेत तिथे बघा. स्टारची रिबीन लाल-पांढरी-निळी, रंग एकमेकांत विरघळलेले, त्यामुळे ती एका कडेला गडद आणि दुसरीकडे फिकट होत जाईल. मधल्या पदकाची मध्ये रुंद केशरी पट्टी आणि कडेला पांढरा, काळा, निळा, ते ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. तिसऱ्याची रिबीन म्हणजे दोन इंद्रधनुष्यं लाल बाजूने एकमेकांना चिकटवलेली, हेच तुमचं व्हिक्टरी. हे त्रिकूट ठरलेलं आहे, याच क्रमाने.

पण स्टारला कमी समजू नका. त्याच्या मधोमध १९१४-१५ लिहिलेलं असेल तर पणजोबा १९१५ संपायच्या आत प्रत्यक्ष लढाईच्या मुलुखात पोचले होते, आणि आजीचं "बसरा" त्याच्याशी बरोब्बर जुळतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, तिथलंच कुट हे गाव तुर्कांनी महिनोन् महिने वेढलं आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने आतल्या ब्रिटिश-हिंदी फौजेला शरण जावं लागलं. पणजोबा यातच होते असं मी म्हणत नाहीये, ते ठरेल पदकावरच्या अक्षरांवरून. गोल पदकांच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीमागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ट्रंकेत पदकं असतील तर आधी तेच वाचा, आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका! माझ्या सख्ख्या मामाने दिवाळीच्या साफसफाईत पितळेच्या समईबरोबर एक घासलं होतं, आता कडेवर फक्त "नाईक" वाचता येतं, पुढचं नाव गेलं ते गेलंच.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या १९४४ च्या पासपोर्टएवढ्या फोटोत पदकं नाहीत, नुसत्या दोन कापडी पट्ट्या आहेत, आणि दुसऱ्या पट्टीवर मधोमध पांढरा डाग आहे. निगेटिव्हवर ओरखडा आहे का? (डोंबिवली)

उत्तर : स्कॅन पाठवलात ते बरं केलंत, मी मोठं करून बघितलं आणि खुर्चीतच सरळ बसलो. तो ओरखडा नाही हो, तो इंग्रजी आठचा आकडा आहे, चांदीचा. पट्टी आफ्रिका स्टारची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेच्या पदकाची, आणि तिच्यावर 8 म्हणजे ब्रिटिशांची आठवी आर्मी, २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ च्या दरम्यान, म्हणजे इजिप्तमधल्या अल अलामीनपासून ट्युनिशियापर्यंत. आधीची पट्टी १९३९-४५ स्टारची (१९४४ मध्ये त्याचं नाव १९३९-४३ स्टार होतं), गडद निळा, लाल, फिकट निळा, तीन सारखे भाग. धातूची पदकं युद्ध संपल्यावर वाटली, पण पट्ट्या १९४३ पासूनच लावायला मिळायच्या, त्यामुळे तुमचं साल अगदी पटतं.

एक मात्र. स्कॅनमध्ये पट्ट्या उजव्या छातीवर आहेत, पदकं डाव्या छातीवर लावतात. शर्टाची बटणंही उलटी दिसतायत. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलाय, फोटोवाल्याची घाई, दुसरं काही नाही. मोबाईलमध्ये फ्लिप करा, आजोबांचा भांग पण बहुतेक तुम्हाला आठवतो त्या बाजूला येईल.