रंगाखालचे फोड

प्रश्न : वडिलांच्या जुन्या मोटारीला मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाचे फोड आलेत. घरीच खरवडून पुट्टी भरली आणि रंग मारला तर चालेल का?

उत्तर : पुट्टीचा डबा आधी बाजूला ठेवा. वर फोड दिसतो त्यापेक्षा आत गंज बहुतेकदा जास्तच असतो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आरपार गेलं तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डच करायला हवा. ते काम जाणत्या माणसाकडे द्या. भोकावर नुसती पुट्टी थापू नका. ती ओलावा शोषते आणि वर्षभरात पुन्हा फुगते.

पत्रा कडक लागला तर मात्र खुशाल हात घाला. वायर ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, चकचकीत धातू दिसेपर्यंत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा मास्क हवाच. रंगाची कड 180 आणि 320 ने इतकी उतरती करा की बोट फिरवलं तर लागू नये. लोक इथेच कंटाळतात आणि मग नव्या रंगाखाली जुन्या कडेचा नकाशा उमटतो! खड्ड्यांत काळे ठिपके राहतातच. तिथे फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रावण, लावा. पुढे धुवायचं की नाही, ते डब्यावर वाचा. एपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा ओलावा अडवणारा थर, शक्यतो त्याच दिवशी. दमट हवेत उघडा पत्रा रात्रीतून लालसर होतो. पुट्टी प्रायमरवर, पातळच.

आणि हो, कमानीच्या आतल्या काठात साचलेला चिखल काढून तिथे कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांसाठीचं गंजरोधक मेण) फवारा. गंज बहुधा तिथूनच सुरू झालाय.