सिंहगड जमतो म्हणजे कैलासाची परिक्रमा जमेल का?

तुम्ही विचारलंय: वय ५३, रक्तदाबाची एक गोळी चालू, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, आणि २०२६ च्या जूनमध्ये पत्नीबरोबर कैलास-मानसरोवर करायचं आहे. मार्ग अजून ठरलेला नाही. एवढी तयारी पुरेल का?

पायांच्या दृष्टीने तुम्ही बऱ्यापैकी तयार आहात. उंचीच्या दृष्टीने मात्र सिंहगड काय, कळसूबाई काय, काहीच उपयोगाचं नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. मानसरोवराचं पाणीच सुमारे ४,५९० मीटरवर आहे आणि परिक्रमेतली डोल्मा ला खिंड साधारण ५,६३० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्यावर येतो, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही जवळपास निम्माच. शरीर हे सांभाळून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस पुण्यात आगाऊ भरून ठेवता येत नाहीत. दमदार, पळणाऱ्या माणसांनाही उंचीचा त्रास होतो. कित्येकदा त्यांनाच आधी होतो, कारण ते भरभर चढतात.

म्हणून व्यायामाच्या आधी मार्ग ठरवा आणि एकच गोष्ट तपासा: कितव्या रात्री किती उंचीवर झोपायचं आहे? ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा नियम. काठमांडू-केरुंग मार्गात केरुंग सुमारे २,८०० मीटर आणि पुढचा मुक्काम सागा जवळपास ४,५०० मीटर. एका दिवसात १,७०० मीटरची उडी. शिवाय जुलै २०२५ च्या पुरात त्या मार्गावरचा रसुवागढीचा पूल वाहून गेला होता, तेव्हा रस्त्याची स्थिती आधी विचारा. नेपाळगंज-सिमिकोट-हिल्सा हा हेलिकॉप्टरचा मार्ग तर सपाटीवरून थेट उचलून वर नेतो. सिमिकोटला आणि तकलाकोटला (पुरंग) प्रत्येकी दोन रात्री देणारा आयोजक मिळाला तरच मी तो सुचवेन. ‘९ दिवसांत कैलास’ अशी जाहिरात करणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा २०२५ मध्ये पाच वर्षांनी पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या, नाथू लामार्गे १०. अर्ज ऑनलाइन, निवड संगणकीय सोडतीने. वय १८ ते ७० आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ किंवा त्याहून कमी हवा. तुमची उंची १६५ सेंटिमीटर असेल तर वजन ६८ किलोच्या आत पाहिजे. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि वर पुन्हा एकदा होते, लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला. तिथे नापास झालात तर परत. पूर्वी धारचूलाच्या पुढे कित्येक दिवस पायी जावं लागे, त्यात उंचीची सवय आपोआप होई. आता गाडी गुंजीपर्यंत आणि त्याही पुढे जाते. सोय झाली, पण ती सवय गेली. म्हणून गुंजीच्या मुक्कामात खोलीत पडून राहू नका. दुपारी सावकाश दोन-तीनशे मीटर वर चालून या आणि झोपायला खाली उतरा.

आता व्यायाम. परिक्रमा साधारण ५२ किलोमीटरची, सलग तीन दिवसांची. म्हणून आठवड्यातून एकदा सिंहगड करण्यापेक्षा शनिवार-रविवार असा लागोपाठ दोन दिवस करा. पहिल्या दिवशी गड दोनदा चढा-उतरा, दुसऱ्या दिवशी एकदा, पाठीवर ५-६ किलो घेऊन. चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे. डोल्मा लाला वेगाचं काहीच मोल नाही. उतरण्याचा सराव सगळे टाळतात, पण खिंडीपलीकडे गौरीकुंडाकडचा उतार मोठमोठ्या दगडांचा आहे आणि गुडघे तिथेच बोलतात. दोन काठ्या घेऊन उतरायला आत्ताच शिका. निघायच्या आधीच्या दहा दिवसांत जोर कमी करा, सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून लांब राहा. छातीचा संसर्ग घेऊन वर गेलात तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो. प्राणायाम चालू ठेवा, मन स्थिर राहतं. मात्र त्याने उंचीची सवय होत नाही, आणि तिथे कुंभक (श्वास रोखून धरणं) अजिबात नको.

तपासण्या चार महिने आधी करा: ट्रेडमिल टेस्ट, टूडी इको, छातीचा एक्स-रे, हिमोग्लोबिन, साखर. हिमोग्लोबिन कमी निघालं तर ते वाढवायला वेळ हाताशी राहतो. तुमची रक्तदाबाची गोळी कोणत्या प्रकारची आहे ते डॉक्टरांशी बोला. बीटा ब्लॉकर असेल तर चढावर हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही. लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्सबरोबर (उंचीच्या त्रासावरची गोळी) शरीर कोरडं पडू शकतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. पत्नीचं वय पाळीचं असेल तर यात्रेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, त्याबद्दलही स्पष्ट विचारा. उंची, थंडी, कमी पाणी आणि त्यावर या गोळ्या, अशाने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो. पॅड घेऊन गेलेलं बरं.

डायमॉक्स (अ‍ॅसिटाझोलामाइड) बहुतेकांना उपयोगी पडतं. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे २५० च्या गोळीची अर्धी. वर चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी दोन दिवस घेऊन बघा: बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा बेचव लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. झोपेची गोळी आणि दारू वर्ज्य. रात्री श्वास काही सेकंद थांबून दचकून जाग येते, तेही उंचीवर नेहमीचंच आहे.

घाबरायचं कशाला, ते मात्र पाठ करून ठेवा. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा, भूक जाणं: त्या दिवशी पुढे चढायचं नाही. नुसतं बसलेलं असताना धाप, सतत खोकला, फेस: फुप्फुसात पाणी. बरळणं, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता न येणं: मेंदूला सूज. शेवटच्या दोन्हींत प्राणवायू लावायचा आणि लगेच खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो. आधी हात चोळून गरम करा. आकडा बरा आणि माणूस आजारी दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

अडचण अशी की त्या पठारावर खाली उतरायला ‘खाली’ फारसं नाहीच. परिक्रमा जिथून सुरू होते ते दारचेन गावच सुमारे ४,६०० मीटर. त्यातल्या त्यात जवळचं सखल ठिकाण तकलाकोट, तेही जवळजवळ ३,९०० वर आणि गाडीने काही तासांवर. म्हणून निर्णय खिंडीत नाही, पहिल्या मुक्कामी दिरापुकला घ्यायचा. यमद्वारापासून दिरापुक ही पहिल्या दिवसाची चाल सौम्य आहे आणि कैलासाचं उत्तर मुख तिथूनच समोर दिसतं. रात्री डोकं दुखलं, उलटी झाली, तर सकाळी मागे फिरा. दर्शन पूर्ण झालेलं असतं. खिंड ओलांडल्यावर मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच अवघड होऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी दिरापुक ते झुथुलपुक २० किलोमीटरच्या आसपास चालायचं असतं. दुपारनंतर हवा बिघडते म्हणून अंधारात निघतात. घड्याळ बीजिंगच्या वेळेचं असतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तेव्हा ‘पाचला निघायचं’ म्हणजे आपले रात्रीचे अडीच. डोक्याला बांधायचा टॉर्च आणि जादा सेल हवेतच. सेल थंडीत लवकर उतरतात, खिशात अंगाजवळ ठेवा. घोडा आणि पोर्टर दारचेनहून निघतानाच ठरवा, वाटेत मिळेलच असं नाही. २०२६ हे तिबेटी पंचांगातलं घोड्याचं वर्ष असल्याने तिबेटी यात्रेकरूंचीही मोठी गर्दी असेल. घोडा केला तरी खिंडीपलीकडचा तीव्र उतार पायीच उतरावा लागतो, हे लक्षात ठेवूनच सराव करा. पोर्टर पुढे निघून जातो, म्हणून पाणी, औषधं, हातमोजे आणि पावसाळी पोंचो स्वतःच्या पाठीवर. गौरीकुंडाच्या तीर्थासाठी खाली उतरू नका. तेवढा चढ परत चढण्याची ताकद त्या क्षणी कुणाकडे उरत नाही.

कपड्यांत सुती काहीही नको, घामाने ओलं झालेलं तिथे वाळत नाही. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, आणि मुक्कामासाठी पिसांचं जाकीट. बूट अर्धा ते एक नंबर मोठा घ्या आणि ८०-१०० किलोमीटर चालून मुरवूनच न्या. गडद, बाजूने बंद होणारा गॉगल बर्फावर हवाच.

भूक मरते, म्हणून जिभेला ओळखीचं काहीतरी न्या: मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, सुंठीची पूड. दिरापुकला पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, भात कच्चा राहतो. सूप, शेवया, सातू बरे पडतात. दिवसाला तीन-चार लिटर द्रव घोट-घोट घ्या. परिक्रमेच्या तीन दिवसांत सोमवार किंवा एकादशी आली तर उपवास करू नका, हे मी श्रद्धेनेच सांगतोय. मानसरोवराचं स्नानही ऊन असताना, बादलीत पाणी घेऊन, लगेच अंग कोरडं करून उरका. तिथे गारठलेलं अंग दोन दिवसांनी खिंडीत जाब विचारतं.

विमा घेताना ६,००० मीटरपर्यंतची पदयात्रा आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही त्यात लिहिलेलं आहे का ते बघा, आणि रक्तदाबाची गोळी अर्जात नोंदवा. लपवलेला आजार कळला की दावा फेटाळला जातो.