ड्रेसाजचं सॅडल घोड्याला आणि स्वाराला दोघांनाही बसतंय हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) घेतलाय, त्याच्यावर ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींचा स्वारीप्रकार) सुरू करायचंय, साडेसतरा इंची सेकंडहँड सॅडल (खोगीर) मिळतंय आणि तुमची उंची पाच फूट सात इंच. ते दोघांना बसेल का?

साडेसतरा हा आकडा फक्त तुमच्या बैठकीचा आहे. घोड्याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून सॅडल बघायला जाण्याआधी घोड्याची पाठ कागदावर उतरवून घ्या. ड्रॉइंगसाठी वाकवता येणारी रबरी पट्टी मिळते, ती 60 सेंटिमीटरची घ्या. घोडा सपाट, कडक जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा हवा, मान सरळ. खांद्याच्या पात्याची मागची कड चाचपून तिथे खडूने रेघ मारा. मग कुशीत हात घालून शेवटची बरगडी शोधा आणि तिच्या वळणाने वर कण्यापर्यंत या. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. अठराव्या बरगडीचा मणका संपला की सॅडलचा आधारही संपायला हवा, कारण त्यापुढे कमरेच्या मणक्यांखाली बरगड्यांचा टेकू नाही. तिथेही खडूची खूण करा. सॅडलचं वजन पेलणारी जागा या दोन खुणांमध्येच आहे.

आता पट्टी तीन ठिकाणी पाठीवर आडवी दाबून वाकवा: पात्याच्या दोन बोटं मागे, पाठीच्या सगळ्यात खोलगट जागी आणि शेवटच्या बरगडीपाशी. प्रत्येक वेळी ती अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवा आणि आतल्या कडेने रेघ ओढा. डावी-उजवी बाजू आणि तारीख लिहायला विसरू नका. चौथी रेघ लांबीच्या दिशेने, विदर्सपासून (मानेच्या बुडाशी खांद्यांच्या मधला उंचवटा) मागे, कण्याच्या जरा बाजूने घ्या. पुठ्ठे कापले की ते विकणाऱ्याच्या सॅडलखाली धरून बघता येतात. घोड्याशिवाय निम्मी निवड इथेच होते.

सॅडल प्रत्यक्ष घोड्यावर ठेवाल तेव्हा खाली नमदा (सॅडलखालचं जाड कापड) नको. विदर्सवर थोडं पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत आणा. एका जागी ते आपोआप थांबतं, तीच त्याची जागा. बहुतेक जण सॅडल फार पुढे ठेवतात. पुढचा पाय उचलला की पात्याचा वरचा भाग मागे फिरतो, त्यामुळे ट्रीची (सॅडलच्या आतल्या सांगाड्याची) पुढची टोकं पात्यावर आली तर घोडा पाऊल आखडतो. फ्लॅप (बाजूला लोंबणारा चामड्याचा पडदा) पात्यावर थोडा आला तरी चालतो, ट्रीची टोकं येता कामा नयेत. मग समोरून बघा: टोकांचा उतार आणि खांद्यामागचा उतार समांतर दिसायला हवा.

तुमच्या घोड्याची खरी अडचण इथे येणार. रेसमधून आलेल्या थरोब्रेडचे विदर्स बहुधा उंच आणि लांब असतात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना स्नायू न भरल्यामुळे खळगे असतात. ट्री रुंद पडली तर सॅडल पुढे खाली बसतं, पुढची कमान विदर्सवर टेकते आणि स्वार पुढे ढकलला जातो. अरुंद पडली तर पुढचा भाग वर उचलला जातो, टोकं स्नायूंत रुततात आणि स्वार मागच्या कडेवर कलंडतो. स्वार चढण्याआधी कमान आणि विदर्स यांच्यात दोन ते तीन बोटं जागा हवी. वर तेवढीच, आणि बाजूंनाही मोकळीक हवी. बाजूंची तपासणी सर्रास राहून जाते. तुम्ही बसल्यावर निदान दोन बोटं उरायला हवीत. उंच विदर्ससाठी पुढची कमान मागे कापलेली सॅडलं मिळतात, ती आधी बघा.

खालून बघितल्यावर दोन पॅनेलमधली (पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्यांमधली) नाळ पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी. पुढे रुंद आणि मागे निमुळती नाळ वळणावर कण्याच्या कडेला दाबते. पुढची चाचणी पुलाची. तंग (पोटाखालचा पट्टा) हलका आवळा आणि तळहात उलटा करून पॅनेलखाली पुढून मागे सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे आणि मागे घट्ट पण मध्ये हात सैल जात असेल, तर सॅडल पुलासारखं दोन टोकांवर टेकलंय आणि तुमचं सगळं वजन चार ठिपक्यांवर येणार. उलट मध्येच घट्ट असेल तर ते झोपाळ्यासारखं पुढेमागे डोलेल.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे खाली आणखी एक जाड पॅड. खोगीरभरती हा शब्द आपल्या भाषेत कशासाठी वापरला जातो ते आठवा. अरुंद सॅडलखाली पॅड घालणं म्हणजे घट्ट बुटात जाड मोजे घालणं, दाब वाढतोच. पॅडचा उपयोग उलट्या परिस्थितीत: ट्री किंचित रुंद आहे, घोड्याला स्नायू भरायचे आहेत आणि तोवर पुढे पातळ फोमच्या पट्ट्या घालून सॅडल समतोल ठेवायचंय. तुमच्या घोड्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन. नीट काम आणि नीट खुराक मिळाला तर सहा महिन्यांत त्याची पाठ वेगळी दिसेल, म्हणून आज मापाचं महागडं सॅडल शिवून घेऊ नका. लोकरीचं भरण असलेलं किंवा पुढची लोखंडी कमान बदलता येणारं घ्या; विंटेक आणि बेट्सच्या सॅडलमध्ये ही सोय असते. रुंदीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या नॅरोइतकं निघतं.

तंगाचे पट्टे सॅडलवरून सरळ खाली, कोपरामागे छाती जिथे सगळ्यात अरुंद होते तिथे लटकायला हवेत. तंग शेवटी त्याच जागी सरकतो. पट्टे मागे असतील तर तो पुढे जाताना सॅडलही खांद्यावर ओढतो. ड्रेसाजचा तंग आखूड असतो, त्याची बकलं कोपरावर घासत नाहीत ना हेही बघा.

आता तुमच्याकडे येऊ. बैठकीचा आकार उंचीवरून ठरत नाही, मांडीची लांबी आणि कमरेखालचा घेर यांवरून ठरतो. खोलगट भागात बसून रिकिबी सोडल्यावर तुमच्या पाठीमागे सॅडलच्या कडेपर्यंत साधारण चार बोटं उरली पाहिजेत. बैठक लहान असेल तर तुम्ही मागच्या कडेवर बसाल आणि वजन शेवटच्या बरगडीकडे जाईल. म्हणजे तुमच्या मापाची चूक घोड्याच्या पाठीत उतरते. बैठकीचा सगळ्यात खोल बिंदू मध्यावर हवा. सॅडल घोड्यावर असताना त्यात गोल पेन्सिल ठेवा आणि ती कुठे थांबते ते बघा.

इंचांइतकाच महत्त्वाचा आहे ट्विस्ट, म्हणजे मांड्यांच्या मध्ये येणारा सॅडलचा अरुंद भाग. तो तुमच्यासाठी रुंद असेल तर मांड्या फाकतात, गुडघे बाहेर वळतात आणि अर्ध्या तासात खुबे दुखू लागतात. रिकिबीची कडी फार पुढे असेल तर कितीही प्रयत्न केला तरी पाय पुढे जातो आणि तुम्ही खुर्चीवर बसल्यासारखे दिसता; प्रशिक्षक मात्र दोष तुमच्या बैठकीला देत राहतात. कान, खांदा, खुबा आणि टाच एका रेषेत सहज आली पाहिजेत. गुडघ्यापुढचा ब्लॉक टेकू म्हणून ठीक, पण मांडी त्यात अडकून पडत असेल तर ते सॅडल तुमचं नाही. फ्लॅपची खालची कड बुटाच्या वरच्या कडेत अडकता कामा नये, आणि फ्लॅप इतका लांबही नको की पोटरीची खूण घोड्यापर्यंत पोहोचणार नाही.

मांडी लांब आणि घोड्याची पाठ आखूड असा पेच पडला, तर पाठ आधी. बैठक तीच ठेवून मागे वर वळलेलं, लांबीला कमी टेकणारं पॅनेल शोधा.

मग स्वारी. पातळ पांढरा सुती नमदा घालून वीस-तीस मिनिटं चाल, ट्रॉट (दुडकी) आणि कँटर (मंद दौड), डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही दिशांनी. कुणाला तरी मागे उभं करा: सॅडल एका बाजूला सरकतंय का, ट्रॉटमध्ये मागचा भाग उडतोय का. घामाच्या डागात मध्येच कोरडा ठिपका म्हणजे तिथे एकतर फार दाब आहे किंवा टेकतच नाही. हात घालून ठरवा. सॅडल एकाच बाजूला सरकत असेल तर लगेच भरण बदलू नका. मागच्या पायातला बारीक लंगडेपणाही हेच करतो, आधी पशुवैद्याला दाखवा. तंग आवळताना कान मागे टाकणं, चावायला येणं याचं कारणही दरवेळी सॅडल नसतं. रेसच्या घोड्यांत पोटातले अल्सर खूप आढळतात.

नव्याने भरलेली लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, पुठ्ठेही पुन्हा काढा आणि जुन्यांवर ठेवून बघा. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात ओलसर राहिलेली लोकर गाठाळते, तेव्हा सप्टेंबरमध्ये पॅनेल बोटांनी चाचपा.

आणि हे विशिष्ट सॅडल सेकंडहँड आहे, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी. पुढची कमान मांडीवर टेकवा आणि मागची कड आपल्याकडे ओढा. थोडी लवचीकता चालेल. करकर आवाज आला किंवा बैठकीच्या मध्ये सुरकुती पडली तर ट्री तुटली असण्याची शक्यता मोठी. कमानीचे दोन्ही खांदे आत दाबून बघा, हलता कामा नयेत. मग सॅडल उलटं करून मागून डोळ्याच्या रेषेत धरा: दोन पॅनेल सारख्या उंचीची नसतील तर भरण करून घेता येईल, पण नाळच वाकडी दिसली तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.